उलट्या गिअरवाचून अडलेला विश्वविक्रम

१९२२ साली इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या शर्यतपथावर एका जुन्या फियाट मोटारीचे इंजिन धावता धावता फुटले. अर्नेस्ट एल्ड्रिज याने तो निकामी सांगाडा विकत घेतला, लांबवला आणि त्यात फियाटचेच २१.७ लिटरचे विमानाचे इंजिन बसवले.

६ जुलै १९२४. फ्रान्समधील आर्पाजोंचा सरळ रस्ता. एल्ड्रिजने रने तोमाच्या दलाजला वेगात मागे टाकले; पण तोमाच्या गोटाने हरकत घेतली : या गाडीला उलटा गिअरच नाही! हरकत नियमाला धरून होती, हे मान्य. पण विक्रमासाठी सरळ धावणाऱ्या गाडीला मागे जायचे तरी कुठे होते? एल्ड्रिजने काही दिवसांतच तीही सोय केली. १२ जुलैला ताशी २३४.९८ किलोमीटर! विक्रम मान्य झाला.

धूर आणि गर्जनेमुळे तिचे नाव पडले ‘मेफिस्टोफिलीस’. आज ती तुरिनमध्ये, फियाटच्या संग्रहात आहे. त्या कारखान्यात मात्र ती या रूपात कधीच घडली नव्हती.