कराची ते मुंबई : अंतर आणि वेळ

श्रोतेहो, दोन गावांमधले अंतर विचारले, तर आपल्याकडचा माणूस क्वचितच आकडा सांगतो. "न्याहारी करून निघालात, तर दिवेलागणीला पोचाल," असे तो म्हणतो. हे उत्तर अडाणीपणाचे नव्हे. अंतर जमिनीने ठरवलेले असते. वेळ मात्र माणसाच्या हातात असतो. कसा, ते कराची आणि मुंबई या दोन शहरांच्या उदाहरणावरून पाहू.

नकाशावर या दोन शहरांमध्ये सरळ दोरा ताणला, तर अंतर भरते सुमारे पावणेनऊशे किलोमीटर. १९३२ साली विलायतेचे हवाई टपाल इंपीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत येत असे. तिथून पुढे मात्र आगगाडी. हा खोळंबा टळावा म्हणून टाटा कंपनीने सरकारशी टपाल वाहून नेण्याचा करार केला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. टाटा कराचीहून एकटेच निघाले. विमान एका इंजिनाचे, 'पस मॉथ' जातीचे. वेग ताशी दीडशे-एकशेसाठ किलोमीटर. बरोबर टपालाच्या थैल्या, वजन सुमारे २५ किलो. वाटेत अहमदाबादला इंधन भरावे लागले. ते इंधन विमानापाशी आले कशातून? तर बैलगाडीतून! आकाशातला नवा वेग जमिनीवरच्या जुन्या चाकांवर असा विसंबून होता. अहमदाबादच्या वळशामुळे अंतर हजार किलोमीटरच्या थोडे वर गेले. दुपारी दोनच्या आत विमान मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. म्हणजे जेमतेम साडेसात तास. मद्रासकडचे टपाल घेऊन नेव्हिल व्हिन्सेंट दुसऱ्या विमानाने बेल्लारीमार्गे पुढे गेले.

आता हिशेब आजचा करा. जेट विमानाला कराची ते मुंबई हे अंतर दीड-दोन तासांचे. पण १९४७ साली फाळणी झाली, मध्ये सरहद्द आली. नंतरच्या काळात ही विमाने कधी चालली, कधी बंद पडली. आज या दोन शहरांमध्ये थेट प्रवासी विमान नाही. जायचेच झाले, तर बहुधा दुबईचा वळसा घ्यावा लागतो. मुंबई ते दुबई सुमारे एकोणीसशे किलोमीटर, दुबई ते कराची जवळजवळ बाराशे. पावणेनऊशेचे तीन हजारांवर गेले! हवेतच पाच तास जातात. दुबईला पुढच्या विमानासाठी तीन-चार तास थांबावे लागले, की त्या चिमुकल्या पस मॉथचा वेळही आपण ओलांडतो.

शिक्षकबंधूंनो, मुलांना नकाशावर हे दोन्ही दोरे ताणायला सांगा : एक सरळ, एक दुबईवरून. भूगोलाच्या तासाला अंतर कळेल. दुसरा दोरा एवढा लांब का, ते सांगायला मात्र इतिहासाचा तास लागेल. यंत्राने वेळ वाचतो खरा, पण वाट मोकळी असेल तरच.