लेकराला वसतिगृहात ठेवावं का?

शहागडसारख्या गोदाकाठच्या गावांत ऊसतोडीला निघताना आईबापांपुढे हा प्रश्न उभा राहतो. आम्ही उत्तर इतिहासात शोधतो.

२० जुलै १९२४ ला बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली. ४ जानेवारी १९२५ ला सभेनं सोलापुरात वसतिगृह उघडलं. कारण उघड होतं. शाळेत नाव लागलं तरी आपल्या पोराला शहरात खोली कोण देणार?

आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५० ला बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं, सोबत वसतिगृहंही आली. मजुरांची पोरं तिथं राहून पदवीधर झाली.

पण हा दाखला अर्धवट देऊ नका. सोलापूरचं वसतिगृह हायस्कूलच्या मुलांसाठी होतं, मिलिंदचं कॉलेजच्या. सहा वर्षांचं लेकरू आईपासून तोडा, असं हा इतिहास सांगत नाही. लहानग्यांसाठी गावातच चांगली शाळा आणि हंगामी वसतिगृह मागा. आजीच्या नजरेसमोर ते शिकेल. मोठ्या मुलामुलींना मात्र बेधडक पाठवा.

आणि कार्यकर्त्यांनो, पाठवून विसरू नका. महिन्यातून एकदा तिथं जा, पोरांच्या पंगतीत बसून जेवा. वरण किती पातळ आहे ते ताटातच कळतं.

जय भीम!