नीलम : गुणधर्म, उगमस्थाने व पारख

नवरत्नांत शनीचे रत्न म्हणून नीलमास स्थान आहे. संस्कृतात त्यास इंद्रनील म्हणतात. श्रद्धेने हे रत्न घेणाऱ्यांची फसगत होण्याचा संभव मोठा असल्याने त्याविषयीची आवश्यक माहिती आम्ही येथे संक्षेपाने देत आहोत.

गुणधर्म : नीलम हे कुरुंद या खनिजाचे, म्हणजेच ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे, निळे रूप होय. शुद्ध कुरुंद वर्णहीन असतो. लोह व टायटॅनियम यांच्या अत्यल्प अंशामुळे तो निळा होतो. क्रोमियममुळे तोच माणिक ठरतो. मोसच्या काठिण्यश्रेणीत हिऱ्याचा क्रमांक १० व नीलमचा ९ आहे. त्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ४ असते.

उगमस्थाने : श्रीलंकेतील रत्नपुरा परिसरात नदीने वाहून आणलेल्या वाळूगोट्यांच्या थरांतून नीलम काढतात. म्यानमारमधील मोगोक व मादागास्कर येथेही तो सापडतो. सर्वांत ख्यातकीर्त नीलम मात्र काश्मीरचा. १८८१ च्या सुमारास पाडर भागात, चार हजार मीटरहून अधिक उंचीवर, दरड कोसळून त्याची खाण उघडी पडली. अवघ्या काही वर्षांत तेथील उत्तम साठा संपुष्टात आला. म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या ‘काश्मिरी’ नीलमविषयी सावध असावे.

पारख : अस्सल नीलम दुधात ठेवल्यास दूध निळसर दिसते, असा समज जुन्या काळापासून चालत आला आहे. परंतु निळ्या काचेनेही तसा भास होऊ शकतो. १९०२ साली व्हेर्नोय या फ्रेंच रसायनज्ञाने चूर्ण ज्वालेत वितळवून माणिक घडविण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे त्याच रीतीने नीलमही होऊ लागला. अशा खड्याचे घटक, काठिण्य व गुरुत्व नैसर्गिक खड्यासारखेच असल्याने घासून वा तोलून भेद कळत नाही. सूक्ष्मदर्शकातून पाहता ज्वालेत घडविलेल्या खड्यात वक्र रेषा आढळतात. नैसर्गिक खड्यातील वर्णपट्टे सरळ व कोनयुक्त असतात.

नैसर्गिक नीलमही रंग खुलविण्यासाठी बहुधा तापविलेला असतो. हा दोष नव्हे. परंतु न तापविलेल्या उत्तम खड्याचे मूल्य अधिक असल्याने ही गोष्ट ग्राहकापासून लपविणे अयोग्य होय.

तेव्हा खडा नैसर्गिक आहे काय व त्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे, हे नमूद करणारे रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र पाहिल्यावाचून मूल्य देऊ नये, अशी आमची वाचकांस विनंती आहे.