लहर एकाची, बळ दुसऱ्याचें

१९२१ सालच्या डिसेंबर महिन्यांत स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील आर्ड्रॉसन या गांवीं, एका शेतांत तंबू ठोकून एक अमेरिकन गृहस्थ रात्रीमागून रात्र कानाला श्रवणयंत्र लावून बसला होता. बाहेर पाऊस आणि वारा यांचा धुमाकूळ चालला होता, आणि तंबूपासून निघालेली शेंकडों फूट लांबीची तार खांबांवरून ताणलेली होती. या गृहस्थाचें नांव पॉल गॉडली. अमेरिकेंतील हौशी बिनतारी मंडळींनीं, म्हणजे जे लोक पोटासाठीं नव्हे तर केवळ आवडीनें घरीं यंत्रें बांधून परस्परांशीं संदेशांची देवघेव करीत त्यांनीं, त्याला मुद्दाम तेथें धाडलें होतें. प्रश्न एकच होता: घरीं बांधलेल्या यंत्राचा ध्वनि अटलांटिक महासागर ओलांडूं शकतो कीं नाहीं? त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत असा एक प्रयोग झाला होता, आणि तो फसला होता.

या प्रश्नाच्या उत्तरावर हौशी मंडळींचें बरेंच कांहीं अवलंबून होतें. १९१२ च्या अमेरिकन कायद्यानें त्यांना दोनशें मीटरच्या व त्याहून आंखूड लहरींच्या प्रदेशांत ढकललें होतें. दूरच्या संदेशांना लांब लहरीच हव्यात, आंखूड लहरी निरुपयोगी, असें त्या काळच्या जाणत्यांचें मत होतें; म्हणून कोणाला नको असलेली जमीन या पोरांना खेळण्यासाठीं दिली, इतकाच त्या उदारपणाचा अर्थ. शिवाय शक्तीवरही बंधन होतें. यंत्राला एक किलोवॅटहून अधिक वीज द्यावयाची नाहीं. बळ वाढवून समुद्र ओलांडण्याचा मार्ग अशा रीतीनें बंद झालेला होता. हातीं असलेलें बळ नीट कसें वापरावें, एवढाच मार्ग उरला होता. आणि शक्तिवर्धकाचा, ज्याला आपण पॉवर अ‍ॅम्प्लिफायर म्हणतों त्याचा, इतिहास येथूनच समजून घेतला पाहिजे.

प्रारंभींचीं बहुतेक यंत्रें ठिणगीचीं होतीं. त्यांतून निघणारी लहर म्हणजे एक रुंद, कर्कश गोंगाट असे. तिचें बळ एका ठिकाणीं एकवटत नसे. मग व्हॉल्व्ह आला. कांचेच्या निर्वात फुग्यांत तापलेली तार, तिच्याभोंवतीं ग्रिड नांवाची जाळी, आणि सर्वांबाहेर प्लेट हें धातूचें पात्र, अशी त्याची रचना. ग्रिडवरील दाबांत अल्पसा फरक केला कीं प्लेटच्या प्रवाहांत मोठा फरक पडतो. १९१२ मध्यें एडविन आर्मस्ट्राँग या कोलंबिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला असें आढळलें कीं, प्लेटमधील वाढलेल्या ध्वनीचा थोडा अंश परत ग्रिडकडे दिला तर बळ अनेक पटींनीं वाढतें, आणि तो अंश आणखी वाढविला तर व्हॉल्व्ह स्वतःच अखंड लहर उत्पन्न करूं लागतो. झोपाळ्याला प्रत्येक फेरीस योग्य वेळीं हात लावावा, आणि तो हलतच राहावा, तसाच हा प्रकार होय.

या शोधानें शुद्ध व अखंड लहर हातीं आली खरी, परंतु तिला एक दोष होता. लहर निर्माण करणारा व्हॉल्व्हच एरिअलला जोडलेला असे. वाऱ्यानें एरिअल हललें कीं लहरीची लांबी बदले, आणि प्लेट तापली किंवा संदेशाची कळ दाबतांच विजेचा दाब उतरला, कीं स्वर घसरे. दूरवर ऐकणाऱ्यानें आपलें यंत्र नेमकें जुळवावें, तों हा स्वर दुसरीकडे निघून जाई.

कनेक्टिकट राज्यांतील ग्रीनिच या गांवीं सहा मित्रांनीं या दोषावर उपाय योजला. आर्मस्ट्राँग, बर्गहार्ड, एमी, ग्रिनन, क्रॉन्कहाइट आणि इन्मन हीं त्यांचीं नांवें, आणि त्यांच्या केंद्राची खूण १बीसीजी अशी होती. अडीचशें वॅटचे चार व्हॉल्व्ह त्यांनीं घेतले. पण चौघांना एकच काम दिलें नाहीं. एकानें फक्त लहर निर्माण करावयाची, आणि बाकीच्या तिघांनीं मिळून ती मोठी करून एरिअलला द्यावयाची, अशी वांटणी केली. आमच्याकडील शाहीर आणि त्याचे झीलकरी यांची येथें आठवण होते. स्वर शाहिराचा, झीलकऱ्यांनीं आपला नवा सूर काढावयाचा नाहीं, शाहिराचाच सूर उचलून सभेच्या शेवटच्या माणसापर्यंत पोंचवावयाचा. एरिअल वाऱ्यानें कितीही डोललें, तरी धक्का लागतो तो झीलकऱ्यांना. मूळ स्वर त्यांच्या आडोशाला स्थिर राहतो.

आर्ड्रॉसनच्या तंबूंत गॉडलीला अमेरिकेंतील अनेक केंद्रांचे ध्वनि ऐकूं आले, आणि त्यांत जुनीं ठिणगी-यंत्रेंही होतीं. परंतु पहिला संपूर्ण संदेश उतरून घेतां आला तो १बीसीजीचा. त्यावर ११ डिसेंबर १९२१ ही तारीख होती. मजकूर गॉडलीचें अभिनंदन करणारा, अगदीं साधा, व खालीं त्या सहा जणांचीं नांवें. गॉडलीचें ग्राहक यंत्र ज्या सुपरहेटरोडाइन पद्धतीचें होतें, तीही आर्मस्ट्राँगनेंच १९१८ मध्यें पॅरिस येथें शोधून काढलेली होती. पुढें १९२३ च्या नोव्हेंबरांत फ्रान्समधील नीस आणि अमेरिकेंतील हार्टफर्ड यांच्यामध्यें, शंभर मीटरच्या आसपासच्या लहरींवर, हौशी मंडळींचें दुतर्फा संभाषण झालें, आणि टाकाऊ ठरविलेली जमीन सोन्याची ठरली.

मात्र ज्या गुणानें लहर निर्माण होते तोच गुण शक्तिवर्धकाचा वैरी आहे. व्हॉल्व्हमधील प्लेट व ग्रिड हीं जवळजवळ असल्यामुळें दोहोंमिळून एक छोटासा कंडेन्सरच होतो, आणि त्यांतून प्लेटचें बळ, कोणी न दिलें तरी, ग्रिडकडे परत झिरपतें. मग शक्तिवर्धक स्वतःच गाऊं लागतो. झीलकरी शाहिराचें ऐकेनासा होतो. यावर प्राध्यापक हॅझेल्टाइन प्रभृतींनीं जी युक्ति काढली ती मोठी मार्मिक आहे. जितका अंश चोरवाटेनें परत येतो, तितकाच अंश दुसऱ्या एका लहान कंडेन्सरमधून उलट दिशेनें परत द्यावयाचा, म्हणजे दोन्ही एकमेकांस खोडून टाकतात. हौशी कारागीर प्लेटची वीज बंद ठेवून, फक्त ग्रिडला लहर देऊन, हा कंडेन्सर हळूहळू फिरवीत असे. प्लेटचें मंडळ या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरविलें तरी ग्रिडच्या प्रवाहाचा कांटा हलेनासा झाला, कीं त्याचें समाधान होई. पुढें ग्रिड व प्लेट यांच्यामध्यें आणखी एक जाळी पडद्यासारखी घातलेले व्हॉल्व्ह निघाले, आणि हा त्रास पुष्कळसा कमी झाला.

याच सुमारास क्वार्ट्झच्या स्फटिकानें लहर स्थिर ठेवण्याची पद्धति रूढ झाली. स्फटिकाचा स्वर अत्यंत पक्का, पण त्याला फार बळ सोसत नाहीं. अधिक ताण दिला तर तो तडकतो. म्हणून शक्तिवर्धक ही आतां चैनीची वस्तु राहिली नाहीं, गरज झाली. व्हॉल्व्हला लहरीच्या प्रत्येक फेऱ्यांत थोडाच वेळ काम करूं द्यावें व उरलेला वेळ विश्रांति द्यावी, या रीतीनें शंभर वॅटपैकीं सत्तरांच्या आसपास वॅट एरिअलला मिळूं लागले. उरलेले प्लेटला तापवीत. १९३६ मध्यें निघालेला ८०७ हा व्हॉल्व्ह तर हौशी मंडळींच्या घरोघरीं गेला. कॅलिफोर्नियांतील आयटेल आणि मॅककुलो या दोघां हौशी तरुणांनीं, बाजारांतले व्हॉल्व्ह आपल्या यंत्रांना पुरे पडत नाहींत म्हणून, १९३४ मध्यें स्वतःचा कारखाना काढला. त्यांच्या व्हॉल्व्हच्या प्लेटी टँटलम धातूच्या असून, लालबुंद झाल्या तरी चालत. हेच व्हॉल्व्ह महायुद्धांत रडार यंत्रांच्या उपयोगीं पडले.

पण बळाची किंमत द्यावी लागते. शेंपन्नास वॅटच्या यंत्राला पांच-सातशें व्होल्ट पुरतात. मोठ्या यंत्राला दोन-तीन हजार लागतात. १९३८ च्या सप्टेंबरांत रॉस हल हा मूळचा ऑस्ट्रेलियन संशोधक आपल्या घरीं दूरदर्शनाच्या यंत्रावर काम करीत असतां उच्च दाबाच्या विजेचा धक्का बसून मरण पावला. तो नवशिका नव्हता. अतिआंखूड लहरींच्या प्रवासाविषयीं त्यानें केलेलें काम मान्यता पावलेलें होतें, आणि हौशी मंडळाच्या मासिकाच्या संपादकवर्गांत तो होता. इतरांना यंत्रें कशीं बांधावीं हें शिकविणाऱ्यांपैकीं तो एक. ज्यांनीं ती वार्ता वाचली त्यांना कळून चुकलें कीं वीज अनुभवाला भीक घालीत नाहीं.

म्हणून दुरुस्तीचें शास्त्र हें प्रथम सावधपणाचें शास्त्र आहे. बटण बंद केलें म्हणजे वीज गेली असें नव्हे. मोठे कंडेन्सर आपला साठा धरून बसतात. तो गळून जावा म्हणून त्यांना एक रोधक समांतर जोडलेला असतो. परंतु तो रोधकही केव्हां तरी जळून निकामी होतो, आणि तसें झाल्याचें बाहेरून दिसत नाहीं. यासाठीं जाणता दुरुस्त करणारा भिंतीवरची पिन काढतो, थांबतो, दाब मोजतो, आणि मग लांकडी दांड्याला बांधलेली व जमिनीला जोडलेली तार स्वतः लावून खात्री करून घेतो. एक हात खिशांत ठेवतो, म्हणजे धक्का बसलाच तर तो छातींतून आरपार जाऊं नये. नंतर तो जळालेल्या भागाकडे पाहतो. तेथेंही घाई करीत नाहीं. ग्रिडचा रोधक काळा पडला असेल तर नवा घालणें हें पांच मिनिटांचें काम. परंतु तो कां जळला? व्हॉल्व्हमध्यें वायु शिरला, कीं यंत्र एखाद्या भलत्याच अतिआंखूड लहरीवर चोरून गात होतें? त्याचा शोध न घेतां नवा भाग घातला तर तोही जळतो. कारण राहिलें, तर दुरुस्ती ही नुसती खरेदी ठरते.

या कारागिरीचें महत्त्व आपल्या मुंबईनेंही पाहिलें आहे. १९३९ मध्यें युद्ध सुरू होतांच हिंदुस्थानांतील हौशी मंडळींना आपलीं यंत्रें सरकारजमा करण्याचे हुकूम झाले. तरी तीन वर्षांनीं, २७ ऑगस्ट १९४२ रोजीं, उषा मेहता व त्यांचे सहकारी यांची काँग्रेस रेडिओ ही गुप्त नभोवाणी ४२.३४ मीटरवर बोलूं लागली. तिचें यंत्र बांधून देणारा नरिमन प्रिंटर हा हौशी मंडळींपैकींच होता. ऐकणाऱ्यांना हांक पोंचावी एवढें बळ हवें. पण जी लहर श्रोत्याला सांपडते ती पोलिसांच्या शोधक यंत्रांनाही सांपडते. म्हणून जागा पुनः पुनः बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं धाड पडली, आणि उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली.

युद्धानंतर हौशी मंडळींत मानवी आवाजासाठीं एकपट्टी पद्धति आली. आतां झीलकऱ्यानें केवळ मोठ्यानें गाऊन भागेना. आवाजांतील प्रत्येक चढउतार त्याच प्रमाणांत मोठा करणें भाग झालें. प्रमाण सुटलें कीं आवाज फुटतो, व त्याचे तुकडे शेजारच्या लहरींवर दुसऱ्यांच्या संभाषणांत जाऊन पडतात. आज काड्यापेटीएवढा ट्रान्झिस्टर पन्नास व्होल्टवर किलोवॅटहून अधिक बळ देतो. हजारों व्होल्टांचें भय त्यानें घालविलें, पण एरिअल नीट जुळलें नसेल तर तो डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं जळून जातो. तापून लाल होऊन इशारा देण्याची जुन्या व्हॉल्व्हची रीत त्याला ठाऊक नाहीं.

ग्रीनिच येथें १९५० मध्यें त्या सहा मित्रांच्या केंद्राचें स्मारक उभारण्यांत आलें. त्यांच्याजवळ इतरांहून अधिक वीज नव्हती. कायद्यानें ठरविलेला एक किलोवॅटच त्यांनाही होता. चारपैकीं एक व्हॉल्व्ह त्यांनीं बळाच्या कामांतून काढून घेतला, आणि त्याला नुसता स्वर धरावयास सांगितलें. संदेश समुद्रापार गेला तो त्या एकाच्या स्थिरपणामुळें. आणि उरलेल्या तिघांनीं स्वतःचा सूर लावला नाहीं, म्हणून.