नाणेघाटाचा रांजण आणि बाळाचा पासपोर्ट

आज आम्ही पासपोर्टवर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, भात लावणाऱ्या, हिरडा वेचणाऱ्या आपल्यासारख्या बायांना पासपोर्टचं काय? पण लेक किंवा भाची नवऱ्याबरोबर दुबईला गेली आणि तिथंच बाळंत झाली, तर? बाळाचा कागद कुणाच्या नावानं, कुणाच्या सहीनं निघणार? हा प्रश्न आपल्या घरचाच आहे, आणि त्याची गोष्ट आपल्या घाटघरापासूनच सुरू करता येते.

घाटघराच्या शिवेवर नाणेघाट. सातवाहनांच्या काळी कल्याण बंदराकडून जुन्नरकडे येणारा माल याच घाटानं चढायचा. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. थोडक्यात, हद्द ओलांडायची तर आधी नाक्यावर थांबा, ही रीत आपल्याकडे जुनीच.

त्याच घाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा! त्यात तिनं केलेले यज्ञ, दिलेल्या गाई आणि नाणी यांचे आकडे आहेत, आणि तिच्या मुलांची नावंही आहेत. पुढं त्याच घराण्यातले राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवून घेऊ लागले. राजाची ओळख आईच्या नावानं! मग पुढच्या काळात कागदावरून आईचं नाव कसं पुसलं गेलं?

पासपोर्ट तसा अलीकडचा. १८८३ साली पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, तेव्हा आजच्यासारखी पासपोर्टची सक्ती नव्हती. पहिल्या महायुद्धात देशोदेशीच्या सरकारांनी हद्दी आवळल्या आणि १९२० साली हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदा झाला. त्या काळी लहान मुलाला बहुधा वेगळा पासपोर्ट नसे. आईबापाच्याच पासपोर्टवर त्याचं नाव चढवत. आता तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो.

स्वातंत्र्यानंतर १९५५ साली नागरिकत्वाचा कायदा आला. त्यात परदेशात जन्मलेलं मूल भारतीय ठरायचं ते बाप भारतीय असेल तरच. नऊ महिने पोटात वाढवणारी आई भारतीय असली तरी ते मोजलं जात नव्हतं! हे बदललं १० डिसेंबर १९९२ पासून. आता आई किंवा वडील, कुणीही भारतीय असलं तर मुलाला तो हक्क मागता येतो.

पालकत्वाचंही तेच. १९५६ च्या हिंदू कायद्यात पालक म्हणून आधी बाप आणि 'त्याच्यानंतर' आई, असं लिहिलं होतं. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, तर वडिलांची सही मागितली गेली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९९ साली न्यायालयानं सांगितलं, 'नंतर' म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही. तो मुलाकडं बघत नसेल, तर तो हयात असतानाही आई पालक आहे. पुढं डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टचे नियमही सैल झाले. अर्जात आई किंवा वडील, एकाचंच नाव दिलं तरी चालू लागलं.

मग परदेशातल्या लेकीनं करायचं काय? बाळ जन्मलं की तिथला जन्मदाखला काढायचा. वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करायची. बाळाकडं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं लिहून द्यायचं. वर्ष उलटलं, तर नोंदीला केंद्र सरकारची परवानगी लागते. पासपोर्टच्या अर्जावर दोघांची संमती लागते. एकाची मिळत नसेल, तर कारण सांगणारं वेगळं प्रतिज्ञापत्र द्यायचं. लहान मुलाचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचा असतो, ती तारीख लक्षात ठेवायची.

आखातात जन्मलं म्हणून आपल्या बाळाला तिथलं नागरिकत्व मिळत नाही. म्हणजे ही नोंद राहिली, तर ते लेकरू ना इथलं, ना तिथलं! अमेरिकेत उलट आहे. तिथं जन्मानंच नागरिकत्व मिळतं, पण तिथला पासपोर्ट घेतला की भारताचा मिळत नाही. दोन्ही एकदम ठेवता येत नाहीत.

मैत्रिणींनो, खरी अडचण बहुतेकदा आपल्याकडच्या कागदातच असते. आईचं नाव दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि लग्नानंतर तिसरंच. म्हणून लेक परदेशी निघण्याआधीच तिची सगळी नावं एकसारखी करून घ्या. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव, असा नियम झालाय. नागनिकेच्या घाटाखालून ही वाट फिरून पुन्हा आईच्या नावापाशी आली म्हणायची! गटाच्या पुढच्या बैठकीला येताना घरातले जन्मदाखले घेऊन या. एकमेकींचे कागद तपासून बघू.