पोपट संपला १९१८ मध्ये, त्याच्या पिसांतले जीव सापडले २००५ मध्ये! हे कसं घडलं?

२१ फेब्रुवारी १९१८. अमेरिकेतल्या सिनसिनाटी प्राणीसंग्रहालयात ‘इन्कास’ नावाचा पोपट मेला. कॅरोलिना पॅराकीट जातीचा तो पिंजऱ्यातला शेवटचा ज्ञात पक्षी. हिरव्या अंगाची, पिवळ्या डोक्याची ही जात एकेकाळी पूर्व अमेरिकेत थव्यांनी उडायची. पुढे ती नामशेष म्हणून जाहीर झाली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण २००५ मध्ये ‘जर्नल ऑफ नॅचरल हिस्टरी’मध्ये एक शोधनिबंध आला. सर्गेई मिरोनोव, याचेक डाबर्ट आणि रायनर एर्न्सबर्गर या तिघांनी याच पोपटाच्या पिसांवरच्या माइट्सच्या ६ नव्या जाती त्यात जगासमोर आणल्या. पक्षी जाऊन ८७ वर्षं झाली होती. मग माइट आले कुठून? संग्रहालयात जपून ठेवलेल्या पोपटांच्या कातड्यांवरून. पक्षी मेला की त्याच्या पिसांत अडकलेले माइटही तिथेच वाळतात आणि शंभर वर्षांनीही ओळखता येतात.

माइट म्हणजे नेमकं काय?

माइट हा कीटक नाही. तो कोळी, विंचू आणि गोचीड यांच्या गोतावळ्यातला. पूर्ण वाढ झालेल्या माइटला साधारणपणे ८ पाय असतात. शेतकरी ज्याला पिकावरचा ‘लाल कोळी’ म्हणतात, तोही माइटच.

पक्ष्यांच्या पिसांवरचे माइट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात. पीस उजेडासमोर धरलं, तर बारीक ठिपक्यांच्या ओळी दिसतात. एकाच पक्ष्याच्या अंगावर प्रत्येकाची जागाही ठरलेली. काही पिसाच्या पात्यावर राहतात. काही पिसाच्या पोकळ देठात शिरतात आणि आतून भोक पाडून पक्ष्याच्या अंगातला द्रव शोषतात. काही तर नाकपुड्यांत राहतात. बेल्जियन डॉक्टर अलेक्स फेन (१९१२-२००९) यांनी काँगो आणि रवांडा-बुरुंडी भागातल्या पक्ष्यांच्या नाकपुड्या तपासून असे कितीतरी माइट नोंदवले.

वटवाघळांवरचे माइट वेगळे असतात का?

हो. ‘स्पिनटर्निक्स’ गटातले माइट वटवाघळाच्या पंखाच्या पडद्याला नख्यांनी घट्ट धरून बसतात आणि रक्त पितात. बहुतेक माइट अंड्यातून ६ पायांनी बाहेर येतात. इथे मात्र तो टप्पा आईच्या पोटातच उरकतो आणि पिल्लू ८ पायांनीच जन्मतं. म्हणजे पहिल्या क्षणापासून पंखाला धरून ठेवायला तयार! कारण वटवाघूळ सुटलं, तर जगणं कठीण.

सगळे माइट त्रासदायकच असतात?

नाही. २०१९ मध्ये ‘मॉलिक्युलर इकॉलॉजी’त आलेल्या अभ्यासात पिसांवरच्या माइट्सच्या पोटात काय आहे ते पाहिलं गेलं. डीएनए आणि सूक्ष्मदर्शक अशा दोन्ही मार्गांनी तपासल्यावर मुख्यतः बुरशी आणि जीवाणू सापडले. म्हणजे यातले बरेच माइट परजीवी कमी आणि सफाई कामगार जास्त असावेत. देठातले, नाकातले आणि रक्त पिणारे माइट मात्र परजीवीच.

नवी जात नोंदवतात कशी?

जिवंत पक्षी किंवा वटवाघूळ असेल, तर परवानगी घेऊन जाळीत पकडतात, बारीक ब्रशने किंवा चिमट्याने माइट काढतात आणि प्राण्याला सोडून देतात. माइट अल्कोहोलच्या कुपीत जातात. सोबत चिठ्ठी: प्राणी कोणता, ठिकाण कुठलं, तारीख काय, माइट अंगावर कुठे होता.

मग लॅक्टिक आम्लात ठेवून माइट पारदर्शक करतात आणि काचपट्टीवर बसवतात. सूक्ष्मदर्शकाखाली केस न् केस बघितला जातो. केस किती, कुठे, किती लांब, यावरून जात ठरते. आधीच्या सगळ्या वर्णनांशी ताडून पाहिल्यावर ती नवी निघाली, तर आकृत्यांसह निबंध छापतात. त्या नावाचा आधार म्हणून एक नमुना संग्रहालयात कायमचा ठेवतात. त्याला ‘होलोटाइप’ म्हणतात. उद्या कुणाला शंका आली, तर तीच काचपट्टी काढून बघायची.

सगळ्यात मोठा धोका सरमिसळीचा. दोन पक्षी एकाच पिशवीत ठेवले किंवा संग्रहालयाच्या एकाच खणात शेजारी राहिले, तर एकाचा माइट दुसऱ्यावर जातो आणि यादीत खोटी नोंद होते. म्हणून प्रत्येक प्राण्यासाठी वेगळी पिशवी आणि वेगळी कुपी.

यादी कुठपर्यंत आली?

२०१६ मध्ये ‘इकॉलॉजी’ नियतकालिकात पिसांच्या पात्यावरच्या माइट्सची जागतिक नोंद प्रसिद्ध झाली. त्यात १२ हजारांहून जास्त नोंदी, माइट्सच्या सुमारे १,९०० जाती आणि पक्ष्यांच्या २,२०० हून अधिक जाती होत्या. जगात पक्ष्यांच्या जाती साधारण ११ हजार आहेत. म्हणजे पाचातल्या जवळपास चार जाती त्या यादीत नव्हत्याच.

पण एवढा खटाटोप कशासाठी?

एक कारण रोजच्या व्यवहारातलं. ‘डर्मानिसस गॅलिनी’ हा माइट रात्री कोंबडीचं रक्त पितो आणि दिवसा खुराड्याच्या फटींत लपतो. ‘ऑर्निथोनिसस सिल्व्हिएरम’ मात्र बहुतेक काळ कोंबडीच्या अंगावरच असतो. ओळख चुकली, तर औषध चुकीच्या जागी मारलं जातं. खिडकीतल्या घरट्यातून पिल्लं उडून गेली, की असेच उपाशी माइट घरात येऊन माणसांनाही चावतात. हे माइट माणसाच्या अंगावर वस्ती करत नाहीत. त्यामुळे रिकामं घरटं काढून जागा साफ करणं हाच खरा उपाय.

दुसरं कारण मोठं. अनेक माइट एकाच यजमानावर किंवा त्याच्या जवळच्या नातलगांवरच जगतात. यजमान गेला, की तेही जातात. कधी तर यजमान वाचवतानाही जातात. १९८० च्या दशकात शेवटचे कॅलिफोर्निया कॉन्डोर पकडून कीटकनाशकाने साफ करण्यात आले. पक्षी वाचला, पण फक्त त्याच्याच अंगावर राहणारी उवांची एक जात त्यात संपल्याचं मानलं जातं.

नामशेष प्राण्यांच्या यादीत पोपटाचं नाव येतं. त्याच्यासोबत गेलेल्या जीवांची नावं येत नाहीत, कारण बहुतेकांना नावच मिळालेलं नसतं. कॅरोलिना पॅराकीटच्या पिसांतल्या सहा जातींना ते मिळालं, कारण कुणीतरी जुनी कातडी जपली होती आणि कुणीतरी ती भिंगाखाली धरली.