पर्यायी इतिहासाचा प्रारंभबिंदू : युद्धपूर्व युरोपच्या संदर्भात एक विचार

जे घडले त्याचा वृत्तांत सांगणे हेच इतिहासकाराचे कार्य असून जे घडले नाही त्याच्याशी त्याला कर्तव्य नाही, असा एक समज रूढ आहे. परंतु एखादी घटना अमुक कारणाने घडली असे म्हणताच, ते कारण नसते तर ती घटना घडली नसती, हे दुसरे विधान त्यात अध्याहृत असतेच. माक्स वेबर याने १९०६ साली एदुआर्ट मायर याच्या इतिहासमीमांसेचे परीक्षण करताना हाच मुद्दा मांडला, आणि मॅरेथॉनच्या लढाईचा निकाल उलट लागला असता तर काय झाले असते, हा प्रश्न कार्यकारणविचारात टाळता येत नाही हे दाखविले. तेव्हा ‘जर-तर’चा विचार करावा की न करावा हा खरा वाद नव्हे, तो कोणत्या शिस्तीने करावा, हा आहे.

ही शिस्त भूमिका-प्रयोगात विशेषच आवश्यक ठरते. भूमिका-प्रयोग म्हणजे सहभागी व्यक्तींनी निरनिराळ्या राष्ट्रांच्या सूत्रधारांच्या भूमिका वाटून घेणे आणि एका ठराविक दिवसापासून पुढचा इतिहास आपल्या निर्णयांनी घडवीत नेणे. ही पद्धत अगदी नवी नाही. १९२९ साली जर्मन सेनाधिकारी मानस्टाइन याने जर्मनी व पोलंड यांच्यातील संभाव्य संघर्षावर असाच एक राजकीय प्रयोग योजला होता. त्यात परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्यांनीही भाग घेतला होता. अशा प्रयोगात प्रत्येक भूमिकेचे स्वातंत्र्य किती आणि तिच्यावरील बंधने कोणती, हे प्रारंभाचा दिवस ठरवितो. सबब तो दिवस निवडणे हे वरवर प्रास्ताविक वाटले, तरी वस्तुतः तो युद्धाच्या कारणांविषयीचा एक सिद्धांतच असतो.

या निवडीसाठी तीन कसोट्या लावता येतील. पहिली अशी की, बदललेला निर्णय हा त्या काळी निर्णयाधिकार असलेल्या व्यक्तींनी खरोखर विचारात घेतलेला असावा व त्याला कागदोपत्री आधार असावा. नायल फर्ग्युसन याने १९९७ साली संपादित केलेल्या ग्रंथात याच कसोटीवर भर दिला आहे. दुसरी अशी की, बदल शक्य तितका लहान असावा. एक गोष्ट बदलण्यासाठी दहा गोष्टी बदलाव्या लागत असतील तर तो पर्याय नव्हे, ती कादंबरी होय. तिसरी अशी की, बदलानंतरची वाटचाल आधीच ठरलेली नसावी. अन्यथा सहभागी व्यक्तींना निर्णय घेण्यासारखे काही उरत नाही.

युद्धपूर्व युरोपासाठी चार दिवस वारंवार सुचविले जातात. त्यांपैकी सर्वांत मागचा म्हणजे २८ जून १९१९, व्हर्सायच्या तहाचा दिवस. तह सौम्य असता तर पुढचे महायुद्ध टळले असते, हे मत बरेच लोकप्रिय आहे. परंतु सौम्य तह कल्पावयाचा तर फ्रान्समधील लोकमत, उद्ध्वस्त झालेले उत्तरेचे जिल्हे, अमेरिकेला देणे असलेली युद्धकर्जे आणि क्लेमांसो याची भूमिका, एवढे सारे एकाच वेळी बदलावे लागते. शिवाय १९१९ आणि १९३९ यांच्यामध्ये १९२५ चा लोकार्नो करार आहे, १९२९ नंतरची मंदी आहे. इतक्या दूरच्या बिंदूपासून निघालेला तर्क वीस वर्षांत कोठेही पोहोचू शकतो. आणखी एक आक्षेप याहून गंभीर आहे. सर्व दोष व्हर्सायच्या माथी मारला की १९३० नंतरच्या दशकात ज्यांनी प्रत्यक्ष निर्णय घेतले त्यांची जबाबदारी आपोआप पुसली जाते.

दुसरा दिवस ३० जानेवारी १९३३, हिटलरच्या चॅन्सेलरपदावरील नियुक्तीचा. पहिल्या दोन कसोट्यांवर तो उत्तम उतरतो. जुलै १९३२ च्या निवडणुकीत ३७.३ टक्के मते मिळविणारा नाझी पक्ष नोव्हेंबरमध्ये ३३.१ टक्क्यांवर घसरला होता. ४ जानेवारीला कोलोन येथे एका बँकमालकाच्या घरी पापेन आणि हिटलर यांची भेट झाली. महिनाअखेरीस श्लायशरने संसद बरखास्त करून निवडणुका लांबणीवर टाकण्याची अनुमती मागितली आणि हिंडेनबर्गने ती नाकारली. एका वृद्ध राष्ट्राध्यक्षाचा नकार होकारात बदलणे हा बदल खरोखरच लहान आहे. हेन्री टर्नर याने १९९६ च्या आपल्या ग्रंथात या तीस दिवसांचा तपशीलवार मागोवा घेऊन लष्करी राजवटीची शक्यता गांभीर्याने विचारात घेतली आहे. तथापि आंतरराष्ट्रीय भूमिका-प्रयोगाच्या दृष्टीने एक अडचण उरते. त्या महिन्यातील निर्णय सर्वस्वी बर्लिनमधील होते. पॅरिस, प्राग किंवा लंडन यांच्या भूमिका घेणाऱ्यांना तेथे प्रेक्षक होऊन बसावे लागेल. जर्मनीच्या अंतर्गत राजकारणाच्या अभ्यासाला हा दिवस योग्य होय; युरोपच्या अभ्यासाला तो अपुरा पडतो.

तिसरा आणि सर्वांत लोकप्रिय दिवस ७ मार्च १९३६. जर्मन सैन्य ऱ्हाइनलँडमध्ये शिरले. नदी ओलांडून पश्चिमेकडे गेलेल्या पलटणी अवघ्या तीन होत्या. फ्रान्सने त्या दिवशी पाऊल उचलले असते तर हिटलर तेथेच संपला असता, असे युद्धानंतर पुष्कळांनी लिहिले. बारकाईने पाहता हा बदल दिसतो तितका लहान नाही. सारो यांचे मंत्रिमंडळ निवडणुकीपूर्वीचे हंगामी होते आणि मतदान अवघ्या काही आठवड्यांवर आले होते. सेनापती गामेलाँ यांच्यापाशी तत्काळ चढाई करू शकेल असे स्वतंत्र दल नव्हते; मोठ्या प्रमाणावर राखीव सैन्य बोलाविल्याविना हालचाल शक्य नव्हती, आणि तसे करण्यास मंत्रिमंडळ राजी नव्हते. फ्रेंच सेनाधिकाऱ्यांनी जर्मन संख्याबळ कित्येक पटींनी फुगवून सांगितले होते. ब्रिटनमध्ये तर जर्मनी आपल्याच प्रदेशात परत गेला ही भावना प्रबळ होती. जर्मन तुकड्यांना प्रतिकार होताच निमूट माघार घेण्याचा हुकूम होता, ही प्रचलित समजूतही पुढील संशोधनात शंकास्पद ठरली आहे. म्हणजे फ्रान्सने पाऊल उचलावे यासाठी त्याची सेनारचना, त्याचे राजकारण आणि त्याची गुप्तवार्ता ही तिन्ही आधी बदलावी लागतात. दुसऱ्या कसोटीवर हा दिवस नापास होतो.

उरतो चौथा दिवस, २८ सप्टेंबर १९३८. सर्वसाधारणपणे म्यूनिक कराराचा दिवसच प्रारंभबिंदू म्हणून घेतला जातो. परंतु करार होण्याच्या आदल्या दिवशीची स्थिती अधिक बोधप्रद आहे. २३ सप्टेंबरला चेकोस्लोव्हाकियाने सर्वसाधारण सैन्यभरती पुकारली होती. २५ तारखेस गोडेसबर्ग येथील हिटलरच्या मागण्या मान्य करण्यास हॅलिफॅक्स यांनी ब्रिटिश मंत्रिमंडळात विरोध दर्शविला. २६ तारखेस ब्रिटिश परराष्ट्र खात्याने प्रसिद्ध केलेल्या निवेदनात, चेकोस्लोव्हाकियावर हल्ला झाल्यास फ्रान्स त्याच्या साहाय्यास बांधलेला आहे आणि ब्रिटन व रशिया फ्रान्सच्या बाजूने उभे राहतील, असे जाहीर केले होते. पाठोपाठ ब्रिटिश आरमार सज्ज करण्याचा हुकूम सुटला. बर्लिनमध्ये हाल्डर, विट्झलेबेन, ओस्टर प्रभृती अधिकारी युद्धाचा हुकूम सुटताच हिटलरला पदच्युत करण्याच्या कटात गुंतले होते. २८ तारखेस दुपारची मुदत संपण्यापूर्वी मुसोलिनीने आपल्या राजदूतामार्फत चोवीस तासांची सवड मागितली आणि हिटलरने ती दिली.

येथे बदलावयाची गोष्ट एकच आहे : हिटलरने ती सवड नाकारणे. त्याच्या त्या आठवड्यातील वृत्तीशी हा नकार मुळीच विसंगत नाही. किंबहुना त्या सकाळी बहुतेक राजधान्या युद्ध गृहीत धरून चालल्या होत्या, आणि शांतता हीच आश्चर्याची गोष्ट ठरली. तिसरी कसोटीही हा दिवस पार करतो. चेक तटबंदी भक्कम होती, जर्मनीच्या पश्चिम सीमेवर सैन्य तुटपुंजे होते. परंतु ब्रिटनमध्ये स्पिटफायर विमाने तेव्हा नुकती कोठे एका तुकडीकडे येऊ लागली होती. सोव्हिएत-चेक कराराप्रमाणे रशियाची मदत फ्रान्सने आधी पाऊल उचलण्यावर अवलंबून होती, आणि रशियन सैन्याला वाट देण्याचा प्रश्न पोलंड व रुमानिया यांच्या हाती होता. त्यातही पोलंडचा डोळा स्वतः टेशेनच्या प्रदेशावर होता व ऑक्टोबरमध्ये त्याने तो घेतलाही. बर्लिनमधील कट यशस्वी झाला असता की नाही, हे कोणी ठामपणे सांगू शकत नाही. म्हणूनच प्रत्येक भूमिकेला येथे खरा निर्णय करावा लागतो.

मात्र प्रयोगाच्या संयोजकाने एक पथ्य कटाक्षाने पाळले पाहिजे. मार्च १९३९ मध्ये प्राग जर्मनांच्या ताब्यात गेले, स्कोडाचे कारखाने त्यांना मिळाले, आणि १९४० च्या फ्रान्सवरील स्वारीत चेक बनावटीचे रणगाडे वापरले गेले, हे आज सर्वांस ठाऊक आहे. २८ सप्टेंबरच्या सकाळी चेंबरलेन यांना ते ठाऊक नव्हते. त्यांच्यापुढे लंडनवरील बाँबहल्ल्याची भीती आणि १९१४ ची स्मृती होती. पश्चातज्ञान बाजूला न ठेवल्यास प्रयोगाचे रूपांतर केवळ निवाड्यात होईल.

भूमिकांच्या वाटपाबाबतही हा दिवस एक कठोर धडा देतो. म्यूनिकच्या बैठकीत चेकोस्लोव्हाकियाला स्थान नव्हते. त्याचे दोन प्रतिनिधी त्या शहरात थांबून राहिले आणि ठरलेल्या अटी त्यांच्या हाती ठेवण्यात आल्या. तद्वतच ३ सप्टेंबर १९३९ रोजी लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले, ते प्रांतिक मंत्रिमंडळांना वा मध्यवर्ती विधिमंडळाला न विचारता. आणि त्या वर्षाच्या अखेरीस मुंबई प्रांतातील बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळासह काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. प्रयोगात अशा देशांच्याही भूमिका असाव्यात, आणि त्यांना मुद्दाम मताधिकार देऊ नये. ज्यांच्या भवितव्याचा निर्णय होतो ते निर्णयाच्या मेजापासून किती दूर होते, हे त्या भूमिकेत बसल्याविना नीट उमगत नाही.

सारांश, प्रारंभबिंदू जितका मागे न्यावा तितकी व्यक्तीची जबाबदारी परिस्थितीत विरत जाते. तो जितका युद्धाजवळ आणावा तितके निर्णय आणि निर्णयकर्ते स्पष्ट दिसू लागतात, पण परिस्थितीचे वजन नजरेआड होण्याचा धोकाही वाढतो. २८ सप्टेंबर १९३८ या दिवशी ही दोन्ही अंगे बऱ्याच अंशी समतोल राहतात. वर्गाने अन्य दिवस निवडला तरी हरकत नाही. मात्र त्या निवडीबरोबर युद्धाच्या कारणांविषयीचे आपले मत लेखी नोंदवून ठेवावे आणि प्रयोग संपल्यावर ते पुन्हा तपासून पाहावे.